मुलांसोबत साहसी ॲनिमेशनपट : पडद्याकडे पाहायचे की मुलाकडे?

अर्धविराम (धागाकर्ती)

मुलांना चित्रपटगृहात साहसी ॲनिमेशनपट दाखवायला नेणारे पालक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. काही जण मुलाला खुर्चीत बसवतात आणि स्वतः मोबाइलमध्ये किंवा डुलकीत रमतात. काही जण मात्र पूर्ण वेळ मुलाच्या कानाशी लागून "बघ, आता तो पडणार", "घाबरू नकोस, हे सगळे खोटे आहे", "तो वाईट आहे बरं का" असे धावते समालोचन करत असतात. पहिल्या प्रकाराबद्दल बोलण्यासारखे फारसे नाही. दुसऱ्याबद्दल मात्र बोलावेसे वाटते, कारण हेतू कितीही चांगला असला तरी हे पालक मुलाच्या हातून चित्रपट काढून घेतात, असे माझे मत आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्यासोबत असे चित्रपट मी कर्तव्य म्हणून पाहत नाही. उडती जहाजे, हरवलेली बेटे आणि बोलके प्राणी यांचा मला स्वतःला कधीच कंटाळा आलेला नाही. गंमत अशी की शेजारी शेजारी बसूनही आम्ही दोघी वेगवेगळ्या जागांवरून पाहत असतो. नायिका घर सोडून निघते तेव्हा मुलगी तिच्या बोटीत बसलेली असते आणि मी किनाऱ्यावर मागे राहिलेल्या आईजवळ उभी असते. ती खळखळून हसते तिथे मला हसू येतेच असे नाही, आणि माझा गळा दाटून येतो तिथे ती निवांत पाय हलवत बसलेली असते. या दोन जागा तशाच राहू द्याव्यात, चित्रपट चालू असताना पालकाने शक्यतो गप्प बसावे आणि स्वतः मनापासून चित्रपट पाहावा, असे मला वाटते. परंतु मूल घाबरले तर काय करावे, कोणत्या वयापासून न्यावे आणि बाहेर पडल्यावर किती बोलावे, याबद्दल माझ्या मनात अजून स्पष्टता नाही. येथील सदस्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

बालवाडीताई

धागा आवडला. गप्प बसण्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु वयाचा मुद्दा घेतल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही.

साहसकथेचा निम्मा थरार प्रेक्षकाला ठाऊक असलेल्या आणि नायकाला ठाऊक नसलेल्या गोष्टींवर उभा असतो. खलनायक साधूच्या वेषात आलेला आहे, पूल मधोमध कुजलेला आहे, पेटी आधीच रिकामी झालेली आहे, हे आपल्याला दिसलेले असते आणि नायक मात्र बेसावध असतो. ही गंमत कळण्यासाठी 'मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकते' हे उमगावे लागते. हायन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून याचा भरपूर अभ्यास झाला आहे. सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या मुलाला हे जमत नाही, आणि चार ते पाच वर्षांच्या दरम्यान ते जमू लागते. त्यामुळे पाच वर्षांचे मूल अंधारात पडद्याकडे पाहून "अरे, मागे बघ!" असे ओरडते, तेव्हा त्याला दटावण्यापूर्वी त्याच्या बुद्धीने केवढी मजल मारली आहे याचे थोडे कौतुक करावे.

तीन वर्षांच्या मुलाला कुजबुजून कथानक समजावण्याचा खटाटोप म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. ते मूल रंग, हालचाल, गाणी आणि धडपडणारी पात्रे यांचा आनंद घेत असते, आणि त्याच्या दृष्टीने तेवढा चित्रपट पुरेसा असतो.

खवट

तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पुरेसा असेल. मागच्या रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने तो कधीच पुरेसा होत नाही. असो.

माझा प्रश्न निराळा आहे. मुलांसाठी म्हणून काढलेल्या या चित्रपटांना आईबापांना मारण्याची एवढी हौस का असते? ही माझी कुरकुर नाही, याची मोजणी झालेली आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २०१४ मधील नाताळ अंकात एक निबंध प्रसिद्ध झाला होता. त्यात १९३७ ते २०१३ या काळातील सर्वाधिक कमाई करणारे ४५ ॲनिमेशनपट आणि त्याच वर्षांतील मोठ्यांसाठीचे ९० चित्रपट यांची तुलना केली होती. महत्त्वाच्या पात्राच्या मृत्यूचा धोका मुलांच्या चित्रपटांत अडीच पट निघाला, आणि मुख्य पात्राच्या आईवडिलांपुरते पाहिले तर तो पाच पटींहून अधिक होता. नाताळ अंकाची शैली थट्टेची असते हे मान्य आहे, परंतु आकडे खरे मोजलेले आहेत. धागाकर्ती किनाऱ्यावरच्या आईजवळ उभ्या राहतात, हे वाचून मला त्या आईचीच काळजी वाटली.

रेषावेडा

खवट, मी ॲनिमेशनच्या कामात आहे, म्हणून आमच्या बाजूने उत्तर देतो. आईबाप हाताशी असले तर साहस घडतच नाही. सहा वर्षांच्या मुलीला राक्षसाच्या गुहेत एकटी जाऊ देणारी शहाणी आई कथेत दाखवता येत नाही, म्हणून लेखक त्या आईला कथेबाहेर घालवतो. कधी ती मरते, कधी हरवते, कधी शापित होते, तर कधी नुसती कामात गढलेली असते. यातला शेवटचा मार्ग सर्वांत अवघड आहे, आणि तो नीट साधणाऱ्या लेखकांबद्दल मला विशेष आदर वाटतो.

'फाइंडिंग निमो' (२००३) या चित्रपटात आई सुरुवातीलाच जाते, म्हणजे तुमच्या मोजणीत तो बसतो. परंतु पुढे समुद्रभर प्रवास करतो तो बाप. साहस पालकाच्या वाट्याला येते आणि मूल आपल्या जागी निराळेच धाडस करत असते. एकाच कथेत पालक आणि मूल या दोघांनाही नायकाची खुर्ची मिळाल्यामुळे तो चित्रपट जोडीने पाहण्यासाठी इतका चांगला ठरतो, असे मला वाटते.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. पूर्ण लांबीचा जो सर्वांत जुना ॲनिमेशनपट आज उपलब्ध आहे, तो साहसपटच आहे. लॉटे रायनिगर यांनी जर्मनीत तयार केलेला 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अचमद' १९२६ मध्ये प्रदर्शित झाला. काळ्या कागदातून कापलेल्या आकृत्या, उडता घोडा, कपटी जादूगार असा सगळा मामला आहे. चेहऱ्यांवरचे भाव जवळजवळ दिसत नाहीत, केवळ बाह्याकृती हलतात, तरीही कोण घाबरले आहे आणि कोण कपट करत आहे हे लहान मुलालाही कळते. पात्र पूर्ण काळे केले तरी ते काय करत आहे हे ओळखू यावे, ही कसोटी आम्ही आजही लावतो.

निळा पतंग

मी सात वर्षांच्या मुलाचा बाबा आहे. घाबरण्याचा मुद्दा धागाकर्तींनी मांडला आहे, त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगावीशी वाटते. पडद्यावर काही विचित्र घडू लागले की माझा मुलगा प्रथम पडद्याकडे आणि लगेच माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. मी काय बोललो याकडे त्याचे फारसे लक्ष नसते. मी निर्धास्त दिसलो तर तो पुन्हा पडद्याकडे वळतो. मी त्याच्याकडेच काळजीने पाहत असलो, तर नक्कीच काहीतरी भयंकर आहे असे त्याला वाटते आणि तो माझा दंड पकडतो. हा केवळ माझ्याच मुलाचा स्वभाव आहे का?

बालवाडीताई

निळा पतंग, हा स्वभाव जवळपास सर्वच मुलांचा असतो, आणि तो बोलता येण्यापूर्वीपासून असतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक नावाजलेला प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना जाड काचेच्या पृष्ठभागावर ठेवले होते. त्याच्या अर्ध्या भागाखाली थोडी खोली असल्याचे दिसत होते आणि पलीकडे आई उभी होती. आईने चेहऱ्यावर आनंद दाखवला तेव्हा १९ पैकी १४ बाळे तो भाग ओलांडून गेली, आणि आईने भीती दाखवली तेव्हा १७ पैकी एकही बाळ पुढे सरकले नाही. आयांना बोलण्याची मुभा नव्हती, केवळ चेहरा होता. काय करावे ते कळेनासे झाले की मूल जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज घेते, आणि चित्रपटगृहातही तेच घडते. धागाकर्ती म्हणतात तसे पालकाने स्वतः मनापासून चित्रपट पाहणे यासाठीच महत्त्वाचे आहे, कारण मूल वळून पाहते तेव्हा त्याला पहारेकरी दिसण्याऐवजी रमलेला प्रेक्षक दिसतो.

आता प्रत्यक्ष भीतीबद्दल. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे, आणि त्यांचे निष्कर्ष पालकांच्या नेहमीच्या अंदाजाला छेद देतात. साधारण सात वर्षांपर्यंतची मुले दिसण्याला घाबरतात. मनाने चांगले असलेले परंतु ओबडधोबड, दातेरी पात्र त्यांना भिववते, आणि गोड चेहऱ्याचा कपटी माणूस त्यांना फारसा भिववत नाही. डोळ्यांदेखत रूप पालटणारे पात्र, म्हणजे साध्या माणसाचा हळूहळू होणारा राक्षस, हा प्रकार त्यांना विशेष जड जातो. मोठ्या मुलांना उलट प्रत्यक्षात घडू शकणाऱ्या गोष्टींची भीती अधिक वाटते. त्यामुळे 'चित्रपट तर साधाच होता, मग हा का रडला?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा कथेत नसते, ते पडद्यावरच्या एखाद्या चेहऱ्यात असते.

आणि "हे खोटे आहे" हे वाक्य लहान मुलांवर फारसे चालत नाही. भीतीच्या क्षणी ते ज्ञान वापरण्याइतकी त्यांची तयारी झालेली नसते. त्यांना हात धरणे, मांडीवर घेणे, थोडा वेळ तोंड फिरवू देणे यांचा अधिक उपयोग होतो. आठनऊ वर्षांच्या मुलाला मात्र समजावलेले चालते, किंबहुना त्याला तेच हवे असते. मांडीवर बसायला सांगितले तर त्याचा अपमान होईल.

कानसेन

ध्वनीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. पालक ज्याला चित्रपटाची भीती समजतात, ती पुष्कळदा आवाजाची भीती असते. चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणा जुळवताना पडद्यामागील प्रत्येक मुख्य स्पीकरसाठी ८५ डेसिबल ही पातळी प्रमाण धरतात, आणि अचानक येणारे मोठे आवाज त्याहून २० डेसिबलपर्यंत वर जाऊ शकतात. खालच्या पट्टीतल्या गडगडाटासाठी वेगळी वाहिनी असते आणि तिला आणखी मोकळीक दिलेली असते. पूर्ण चित्रपट एवढ्या आवाजात चालत नाही, संवाद बरेच खाली असतात, आणि अनेक ठिकाणी मूळ पातळीपेक्षा आवाज कमीच ठेवतात. परंतु शांततेनंतर एकदम येणारा स्फोट लहान मुलाला अंगावर आल्यासारखा वाटतो.

यावर उपाय साधे आहेत. पडद्याजवळच्या रांगा आणि भिंतीलगतच्या खुर्च्या टाळाव्यात, कारण बाजूचे स्पीकर भिंतींवरच असतात. पडद्यापासून सुमारे दोनतृतीयांश अंतरावरच्या मधल्या खुर्च्या ध्वनीच्या दृष्टीने उत्तम असतात, कारण यंत्रणा साधारण तेथूनच जुळवलेली असते. मुलाने कानांवर हात ठेवले तर ते ओढून काढू नयेत. आपल्याला किती आवाज झेपतो हे मूल स्वतःच ठरवत असते. कान झाकणारी मुलांची संरक्षक साधने मिळतात, तीही वापरण्यास हरकत नाही.

चष्मेबहाद्दर

कानसेन यांनी कानांचे सांगितले, तसे डोळ्यांचेही सांगायला हवे. त्रिमितीय खेळाचा हट्ट मुले फार करतात. मोठ्यांच्या मापाचा चष्मा लहान नाकावरून घसरत राहतो, आणि तो घसरला की पडद्यावर दुहेरी, धूसर चित्र दिसते. शिवाय चष्म्यामुळे बराच प्रकाश कमी होतो आणि चित्र अंधारलेले वाटते. समुद्रतळ किंवा रात्रीचे जंगल अशी दृश्ये असतील तर त्यात मजा राहत नाही. लहान मुलांच्या पहिल्या काही चित्रपटांसाठी साधा द्विमितीय खेळ बरा, असे माझे ठाम मत आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चष्मा नीट बसलेला असूनही मुलाला खोली जाणवत नसेल, किंवा त्याचे डोके दरवेळी दुखत असेल, तर एकदा डोळे तपासून घ्यावेत. दोन्ही डोळे एकत्र काम करत नसतील तर ते अशा वेळी लक्षात येऊ शकते.

मोकळी जागा

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. काही चित्रपटगृहे मुद्दाम सौम्य खेळ ठेवतात. त्यात दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, आणि मुलांनी उठून फिरले, बोलले, नाचले तरी कोणी हरकत घेत नाही. अशा खेळात माझ्या मुलाने प्रथमच पूर्ण चित्रपट पाहिला, म्हणजे काही भाग उभ्याने, काही खुर्चीच्या पाठीमागून आणि शेवटचा पाठलाग अगदी पुढे जाऊन. शांत बसणे म्हणजेच रमणे असे आपण धरून चालतो, ते सगळ्या मुलांना लागू पडत नाही. असे खेळ केवळ आमच्या मुलांसाठीच असतात असेही नाही. प्रथमच चित्रपटगृहात येणाऱ्या कोणत्याही लहान मुलाला ते सोयीचे ठरतात. त्यासाठी आधी चौकशी करून ठेवावी लागते, कारण ते रोज नसतात.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. बालवाडीताई, चेहऱ्याचा मुद्दा मला अतिशय पटला. यामुळे माझे मूळ म्हणणे थोडे बदलावे लागते आहे : पालकाने गप्प बसावे यापेक्षा पालकाने खरोखर पाहावे, हे अधिक नेमके होईल. खऱ्या अर्थाने रमलेला माणूस मध्येच दचकून "बाप रे!" म्हणाला, तर त्याने मुलाचा चित्रपट हिरावला जात नाही. सूचना देणारा आवाज आणि सोबत पाहणारा आवाज यांतला फरक मुलांना बरोबर कळतो.

एक शंका अजून आहे. मोठ्या माणसाचे रडणे मुलाला दिसावे का? 'अप' (२००९) या चित्रपटाच्या सुरुवातीला एका जोडप्याचे संपूर्ण आयुष्य काही मिनिटांत, जवळजवळ संवादाविना उलगडते. अनेक पालक तेथे मान वळवून डोळे पुसतात. हे लपवावे की नाही?

निळा पतंग

मी लपवत नाही. मुलाने विचारले, तर "त्याला तिची आठवण येते आहे, म्हणून मला वाईट वाटले" एवढेच सांगतो आणि पुन्हा पडद्याकडे पाहतो. बाबा रडू शकतो आणि रडूनही बाबाच राहतो, हे त्याला अंधाऱ्या, सुरक्षित जागी कळत असेल तर त्यात वाईट काय आहे? मात्र बाहेर आल्यावर त्याच्याकडून "तुला काय शिकायला मिळाले?" असे वदवून घेणे मी टाळतो. हा प्रश्न विचारला की तो परीक्षेला बसल्यासारखे "खोटे बोलू नये" असे काहीतरी ठोकून देतो, मग चित्रपटात कोणीही खोटे बोललेले नसले तरी. "तू त्या जागी असतास तर कोणत्या दाराने गेला असतास?" असे विचारले की मात्र त्याची गाडी थांबत नाही.

रेषावेडा

बाहेर आल्यावरच्या गप्पांसाठी माझी एक सूचना आहे. मुलांना चित्र हलते कसे हे सांगावे. पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रे येतात, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चित्रे होतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच रेखाटन सलग दोन चौकटींसाठी वापरतात, त्यामुळे सेकंदाला बारा रेखाटने पुरतात आणि तरीही डोळ्याला हालचाल सलग वाटते. वहीच्या पानांच्या कोपऱ्यांत चेंडूची थोडी थोडी सरकवलेली चित्रे काढून पाने भरभर सोडली की सहा वर्षांच्या मुलालाही हे पटते. उडी मारण्यापूर्वी पात्र आधी खाली दबते, धावण्यापूर्वी मागे झुकते, ही युक्तीही दाखवावी. पुढे काय होणार याची सूचना प्रेक्षकाच्या डोळ्याला आधी मिळावी यासाठी आम्ही ती वापरतो, आणि मुले ती पुढच्या चित्रपटात हटकून शोधतात.

याने जादू कमी होते, असे काही पालक म्हणतात. माझा अनुभव नेमका उलट आहे.

बालवाडीताई

आणि मुलाने तोच चित्रपट पुन्हा पाहायचा हट्ट धरला तर नाक मुरडू नये. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मुलांच्या एका मालिकेचा तोच भाग लागोपाठ पाच दिवस दाखवण्याचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले कंटाळण्याऐवजी दिवसागणिक अधिक बोलू लागली, उत्तरे देऊ लागली, आणि त्यांना भाग अधिक समजला. पहिल्यांदा मूल 'पुढे काय होणार' या चिंतेत असते. शेवट ठाऊक झाला की ते निर्धास्तपणे बाकीचे पाहू लागते. घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत तर दुसरी फेरी, तीही त्याने स्वतः मागितलेली, फार उपयोगी ठरते.

खवट

पाच दिवस तोच भाग बघणाऱ्या पालकांवर कोणी प्रयोग केला आहे का?

अर्धविराम

खवट, त्या प्रयोगासाठी स्वयंसेवक म्हणून तुमचे नाव सुचवते.

एक राहिलेला मुद्दा : मूल खरोखरच हैराण झाले तर चित्रपट अर्धा सोडून निघावे का? बालवाडीताईंनी सांगितलेले उपाय करूनही रडे थांबत नसेल तर निघावे, असे मला वाटते. मात्र आधी काही मिनिटे दालनाच्या बाहेर थांबून, परत जायचे का हे मुलालाच विचारावे. तिकिटाचे पैसे वाया जातात म्हणून मुलाला बसवून ठेवले, तर पुढच्या वेळी ते दाराशीच अडते.

रेषावेडा

सहमत. आणि जे शेवटपर्यंत बसतील त्यांना माझी विनंती आहे की नावे सुरू होताच उठू नये. अनेक मोठ्या ॲनिमेशनपटांच्या श्रेयनामावलीत, चित्रपट तयार होत असताना काम करणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या बाळांची नावे दिलेली असतात. असे चित्रपट पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे ती यादी चांगली लांबते. मुलांना ती फार आवडते. आपल्या नावाचे बाळ त्यात सापडते का, हे ती शोधू लागतात.

खवट

बाळांची यादी येईपर्यंत बसण्यास माझी तयारी आहे. सोबत आणलेल्या बाळाला लागलेली शू तोवर थांबण्यास तयार असेल, तर प्रश्नच मिटला.